गिगाहर्ट्झचा आकडा आणि पडद्यामागची बाजू

दरपत्रक हे साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. पण तालुक्याच्या गावी एखाद्या शिक्षकाच्या घरात वर्षभरात सर्वांत काळजीपूर्वक जे वाचले जाते ते बहुधा संगणकाचे दरपत्रकच असते. गेल्या वर्षभरात आम्ही आर्णी, दिग्रस आणि यवतमाळ येथून अशी काही दरपत्रके मागून घेतली व शेजारी शेजारी ठेवून वाचली. त्यांची मांडणी ठरलेली दिसते. पहिली ओळ प्रोसेसरची आणि तीत ठळक आकडा गिगाहर्ट्झचा. मग मेमरी किती जीबी, मग डिस्क, मग पडद्याचे इंच. ग्राफिक्सच्या जागी एकतर काहीच नसते, किंवा ‘इनबिल्ट’ एवढा एकच शब्द, किंवा ‘२ जीबी कार्ड’.

या लेखात आम्हाला या दरपत्रकाची समीक्षा करायची आहे. दुकानदारांना दोष देण्याचा हेतू नाही. गिऱ्हाईक जे विचारते तेच दरपत्रकात छापले जाते. आणि काय विचारायचे हे गिऱ्हाइकाला कोणी शिकवले? आपणच, वर्गात. ‘प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू’ हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो. मेंदू जितका वेगवान तितका संगणक चांगला, हा निष्कर्ष विद्यार्थी आणि त्याचे पालक आपापला काढतात. दरपत्रकातली पहिली ओळ ही त्या फळ्यावरच्या वाक्याचीच नक्कल आहे.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. कापसाचे किंवा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर, किंवा पगाराची थकबाकी मिळाल्यावर घेतलेला संगणक घरात सहा-आठ वर्षे राहायचा असतो. मुलांचा अभ्यास, शाळेची माहिती भरणे, व्हिडिओ पाहणे, एखादा प्रयोग पडद्यावर करून दाखवणे ही सारी कामे त्याच एका यंत्रावर होतात. आर्णीहून यवतमाळ सुमारे ४० किलोमीटर. एखादा सुटा भाग बदलायचा तर एक दिवस जातो. चुकीच्या जागी घातलेले पैसे सहजासहजी भरून निघत नाहीत.

ठोका म्हणजे काम नव्हे

प्रथम हा गिगाहर्ट्झ म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरमधील सर्व हालचाली एका ठोक्यावर चालतात. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा केवळ १० सेंटिमीटर जातो. वर्गात हा गुणाकार-भागाकार अवश्य करून घ्यावा. आकडा खराच थक्क करणारा आहे. पण तो ठोक्यांचा आकडा आहे, कामाचा नाही. एका ठोक्यात किती काम उरकते हे त्यातून कळत नाही. दोन मजुरांपैकी कोणाची कुदळ मिनिटाला जास्त वेळा उठते एवढ्यावरून कोणाचा खड्डा खोल होईल हे सांगता येत नाही, तसेच हे.

याचा धडा उद्योगाने स्वतः गिरवलेला आहे. मार्च २००० मध्ये एएमडी आणि पाठोपाठ इंटेल या दोन्ही कंपन्यांनी १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम ४ आला, तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. त्याची रचनाच जास्त ठोके देता यावेत अशी होती. एकेका आज्ञेचे काम २० छोट्या टप्प्यांत वाटलेले होते. आधीच्या पेंटियम ३ मध्ये हे टप्पे १० होते. टप्पा लहान, म्हणून ठोका लवकर. पण मधेच अंदाज चुकला की या लांब रांगेतले बरेच अर्धवट काम टाकून द्यावे लागे. परिणामी सुरुवातीचा पेंटियम ४ अनेक कामांत कमी ठोक्यांच्या पेंटियम ३ आणि अ‍ॅथलॉनच्या मागे पडला. तरीही जाहिरातीत आकडा मोठा होता आणि विक्री आकड्याची होत होती. एएमडीला २००१ मध्ये आपल्या १.३३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१५००+’ असे नाव द्यावे लागले, कारण खरा आकडा सांगितला तर गिऱ्हाईक त्याला हळू समजले असते.

२००४ मध्ये ही शर्यत भिंतीला जाऊन धडकली. पेंटियम ४ ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला, टप्पे ३१ झाले आणि त्याची उष्णता १०० वॉटच्या वर गेली. ठरलेला ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला. २००६ मध्ये आलेला कोअर २ हा १.८६ गिगाहर्ट्झचा असूनसुद्धा ३ गिगाहर्ट्झच्या वरच्या पेंटियम ४ ला बहुतेक कामांत मागे टाकत होता. म्हणजे ज्यांनी हा आकडा लोकप्रिय केला त्यांनीच तो सोडून दिला. आपल्या दरपत्रकांनी मात्र तो अजून सोडलेला नाही.

पडद्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. पडद्यावर चित्र दिसते म्हणजे काय होते? आज सर्वत्र दिसणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपके. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका गाभ्याने हे सारे काम एकट्याने करायचे ठरवले तर प्रत्येक ठिपक्यासाठी त्याच्या वाट्याला जेमतेम २४ ठोके येतात. तेवढ्यात त्या ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा अंश ठरवायचा, आणि दृश्य त्रिमितीय असेल तर कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, प्रकाश कुठून येतो हेही काढायचे. आणि बाकीचा संगणकही चालवायचा!

या कामाचा स्वभाव वेगळा आहे. प्रत्येक ठिपक्याचा हिशेब साधा असतो आणि बहुतेक वेळा शेजारच्या ठिपक्याच्या उत्तरावाचून तो अडत नाही. आपल्या भागातले उदाहरण घ्यायचे तर हे कापूस वेचणीचे काम आहे. दहा एकरांची वेचणी एका अत्यंत चपळ माणसाला दिली तर त्याची दमछाक होईल. पण बेताच्या वेगाच्या चाळीस बाया ओळीने लागल्या तर दिवस मावळायच्या आत शेत मोकळे होते. उलट त्याच शेताचा वर्षाचा जमाखर्च मांडायला चाळीस माणसे बसवून उपयोग नाही, कारण तिथे पुढची ओळ मागच्या ओळीवर अवलंबून असते. जमाखर्चाला एक हुशार माणूस हवा, वेचणीला पुष्कळ हात हवेत. प्रोसेसर हा जमाखर्च मांडणारा, आणि ग्राफिक्सचा भाग म्हणजे वेचणीची टोळी.

पुष्कळ हातांचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभा होता. एकच महाकाय प्रोसेसर घेण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या बेताच्या वेगाच्या पुष्कळ चिप एकत्र जोडून काम वाटून दिलेले होते. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, आणि त्याचे मुख्य बळ होते मुळात चित्रे रंगवण्यासाठी जन्मलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांचे. ‘मेंदू’च्या आकृतीत ज्याला जागाच नाही त्या भागाने महासंगणकाचा भार उचललेला आहे, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

‘इनबिल्ट’ या शब्दाची बदनामी

मग ‘इनबिल्ट’ ग्राफिक्सकडे नाक मुरडण्याची सवय कुठून आली? तिला इतिहास आहे, आणि तो इतिहास खोटा नाही. १९९९ मध्ये इंटेलने ८१० या चिपसंचात ग्राफिक्सचा भाग मदरबोर्डवरच दिला. संगणक स्वस्त झाला. पण हा भाग अगदी दुबळा होता. पुढे कित्येक वर्षे ‘अंगभूत’ म्हणजे कामचलाऊ, असेच समीकरण राहिले.

या दुबळेपणाची किंमत सामान्य गिऱ्हाइकाने कशी मोजली याचे सर्वांत बोलके उदाहरण विंडोज व्हिस्टाचे आहे. ही प्रणाली जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी बाजारात आली. त्याआधी, २००६ पासून, नव्या संगणकांवर ‘व्हिस्टा चालवण्यास समर्थ’ अशा अर्थाची चिकटपट्टी लावून विक्री सुरू झाली होती. व्हिस्टाचे नवे पारदर्शक रूप चालवायला ग्राफिक्सचा भाग सक्षम लागत असे. इंटेलच्या ९१५ चिपसंचातील अंगभूत ग्राफिक्सला ते झेपणारे नव्हते. तरीही अट सैल करून त्या यंत्रांनाही चिकटपट्टी मिळाली. २००७ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील न्यायालयात मायक्रोसॉफ्टवर ग्राहकांनी दावा लावला. पुढच्या वर्षी उघड झालेल्या अंतर्गत पत्रव्यवहारातून दिसले, की कंपनीतीलच काही अधिकाऱ्यांना ही सवलत पसंत नव्हती, आणि त्यांच्यातल्या एकाने स्वतः घेतलेले महागडे यंत्र ई-मेलपुरतेच उरल्याची तक्रार केली होती. २००९ मध्ये या दाव्याचे सामूहिक स्वरूप न्यायालयाने काढून घेतले. दाव्याचे काय झाले हा वकिलांचा विषय. आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की त्या यंत्रांच्या गिगाहर्ट्झमध्ये खोट नव्हती. खोट होती ती दरपत्रकात ज्याला ओळच नव्हती त्या भागात.

मात्र इतिहास तिथे थांबला नाही. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्सचा भाग मदरबोर्डवरून प्रोसेसरच्या डबीत आणला आणि जानेवारी २०११ मध्ये तो प्रोसेसरच्याच चकतीवर कोरला. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली होती. तिचे फळ २०११ मध्ये ‘लानो’ मालिकेच्या रूपाने दिसले. शब्द तोच राहिला, ‘इनबिल्ट’. वस्तू पार बदलली. १९९९ चे ‘इनबिल्ट’ आणि आजचे ‘इनबिल्ट’ एकाच तराजूत घालणे म्हणजे जुन्या लाकडी नांगराचा अनुभव ट्रॅक्टरच्या नांगराला लावणे होय.

२०११ ची एक जोडी

आकडा किती फसवा असतो हे पाहायला २०११ ची एक जोडी पुरेशी आहे. इंटेलचा कोअर आय३-२१०० हा ३.१ गिगाहर्ट्झचा, एएमडीचा ए८-३८५० हा २.९ गिगाहर्ट्झचा. दरपत्रकात दोघे जवळजवळ सारखे, किंबहुना इंटेल किंचित सरस. प्रत्यक्षात मात्र ही दोन अगदी वेगळ्या स्वभावाची यंत्रे होती. एकापाठोपाठ एक करायच्या कामात आय३ स्पष्टपणे पुढे, कारण त्याचा एकेक गाभा एका ठोक्यात जास्त काम उरकत असे. त्रिमितीय दृश्यांत ए८ फार पुढे, कारण त्यातील वेचणीची टोळीच मोठी होती. शिवाय ए८ ची उष्णतेची मर्यादा १०० वॉटची, आय३ ची ६५ वॉटची; इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरात हा फरकही हिशेबात घ्यावा लागतो.

यांपैकी श्रेष्ठ कोणता? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हा अर्धा भाग त्यात नाही. त्या काळात दोन्ही बाजूंचे समर्थक आपापल्या यंत्राला अनुकूल अशा चाचण्या पुढे करत आणि दोघांचेही आकडे खरे असत. चाचणी खरी असूनही निष्कर्ष खोटा असू शकतो, हे विज्ञानाच्या शिक्षकाने विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडीचा रायझन ३ २२००जी आला, चार चांगले गाभे आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स ६५ वॉटमध्ये घेऊन. तेव्हा कुठे सामान्य घरासाठी ‘हे की ते’ हा वाद बराचसा निवळला.

कोणते काम कोठे अडते

आता आपल्या घरचे काम पाहू. समजा एका कामाला १० मिनिटे लागतात. त्यांपैकी ८ मिनिटे ग्राफिक्सच्या भागाची आणि २ मिनिटे प्रोसेसरची. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर १ मिनिट वाचेल, काम ९ मिनिटांत होईल. ग्राफिक्स दुप्पट केले तर ४ मिनिटे वाचतील. वाटणी उलटी असेल तर फायदाही उलटा. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाबाबत जे मांडले त्याचे सार एवढेच, आणि एसटीने प्रवास करणाऱ्याला ते न शिकताही कळते: स्टँडवर दोन तास थांबावे लागत असेल तर एक तासाचा प्रवास अर्ध्या तासावर आणून फारसे काही साधत नाही.

टंकलेखन, गुणपत्रकाचे तक्ते, शाळेची माहिती संकेतस्थळावर भरणे ही कामे मुख्यतः प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर चालतात. इथे ग्राफिक्सच्या नावाने जादा पैसे घालणे वाया जाते. संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो तेव्हा चांगला एकेरी गाभा उपयोगी पडतो, हे प्रोसेसरच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

व्हिडिओची गोष्ट निराळी. व्हिडिओ दाबून साठवलेला असतो, तो उलगडण्यासाठी ग्राफिक्सच्या भागात खास मंडल असते. ते त्या पद्धतीचे नसेल तर सारा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घरघरू लागतो आणि चित्र अडखळते. व्हीपी९ या पद्धतीची पूर्ण सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. यूट्यूब या दोन्ही पद्धती वापरते. म्हणजे धडे पाहण्यापुरत्या संगणकाला गिगाहर्ट्झपेक्षा पिढीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

तिसरे काम त्रिमितीय दृश्यांचे. जिओजेब्रामधील त्रिमितीय आकृती, स्टेलॅरियममधील आकाश, ब्राउझरमध्ये फिरवून पाहायचे रेणू. इथे सारा भर ग्राफिक्सवर असतो. शंकूचा छेद हळूहळू कलवताना लंबवर्तुळाचे परवलय कसे होते हे विद्यार्थ्याने पाहायचे आहे. चित्र गचके खात असेल तर त्याला छेद दिसतात, बदल दिसत नाही. आणि शिकायचा असतो तो बदलच.

‘२ जीबी कार्ड’ची भूल

याचा अर्थ प्रत्येकाने वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे असा कोणी करू नये. ‘इनबिल्ट नको, कार्ड घ्या’ हा सल्लाही गिगाहर्ट्झइतकाच आंधळा आहे. २०१६ मध्ये बाजारात आलेले जीटी ७१० हे कार्ड आजही जुळवून दिलेल्या संगणकांत दिसते. त्याच्या डीडीआर३ आवृत्तीत मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची क्षमता सेकंदाला १४.४ गिगाबाइट आहे, व्हीपी९ व्हिडिओ उलगडण्याची सोय त्यात नाही, आणि २०२१ नंतर त्याला नियमित नवे ड्रायव्हर मिळणे थांबले. २०१८ नंतरच्या बऱ्याच प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स त्याच्या बरोबरीचे किंवा पुढचे आहे. ‘२ जीबी’ हा आकडा गोदामाचा आहे. गोदाम मोठे असून दारात बैलगाडीचा रस्ता असेल तर माल कसा हलणार?

यात आणखी एक खुबी आहे. २०१९ पासून इंटेलचे काही प्रोसेसर नावाअंती ‘एफ’ हे अक्षर घेऊन येतात. त्यांतील ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो, म्हणून ते थोडे स्वस्त पडतात. एएमडीच्याही २०२२ पूर्वीच्या बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये, नावात ‘जी’ नसेल तर, ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर घेतला की कार्ड घ्यावेच लागते, आणि मग किंमत जुळवण्यासाठी वर सांगितल्यासारखे जुने कार्ड बसवले जाते. गिऱ्हाइकाला वाटते, प्रोसेसरही वेगवान आणि कार्डही वेगळे! एका अक्षराने त्याचे चांगले अंगभूत ग्राफिक्स गेलेले असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

मेमरीची वाट

दरपत्रकातील सर्वांत मोठी उणीव मात्र मेमरीच्या ओळीत आहे. तिथे ‘८ जीबी’ एवढेच लिहितात. ती एका पट्टीत आहे की दोन पट्ट्यांत, हे लिहीत नाहीत. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य मेमरीतच वाटा मागते. म्हणून मेमरीची वाट किती रुंद यावर त्याचा वेग ठरतो. डीडीआर४-२४०० ची एक पट्टी घेऊ. सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा, दर वेळी ८ बाइट. गुणाकार १९,२०० दशलक्ष, म्हणजे १९.२ गिगाबाइट. ४ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर वाट दुहेरी होते आणि क्षमता ३८.४ गिगाबाइट. एकूण मेमरी तीच, ८ जीबी. किमतीत फरक थोडा. वेचणीच्या टोळीला मात्र एका बैलगाडीऐवजी दोन मिळाल्या.

हा फरक नुसता कागदावरचा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीतील कोअर आय५ आणि आय७ च्या अनेक लॅपटॉपांत ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स असते. पण ते नाव वापरण्यासाठी मेमरी दुहेरी वाटेची असावी, अशी खुद्द इंटेलची अट आहे. एकच पट्टी असेल तर तेच यंत्र आपल्या ग्राफिक्सचे नाव ‘यूएचडी’ असे साधे दाखवते. उत्पादकाला जो फरक नाव बदलण्याइतका मोठा वाटतो, तो आपल्या दरपत्रकाला एक शब्द लिहिण्याइतकाही वाटत नाही.

विदर्भाचा उन्हाळा

आणखी एक गोष्ट स्थानिक आहे, म्हणून विशेष. दरपत्रकातील ठळक गिगाहर्ट्झ हा बहुधा ‘पर्यंत’चा आकडा असतो. ‘४.२ गिगाहर्ट्झपर्यंत’ म्हणजे थंड असताना, एखाद्या गाभ्यावर, काही काळ. चिप तापली की ती स्वतःच ठोके कमी करते. तसे न केल्यास ती जळेल. पंखा चिपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो; बंद खोलीत, धूळ बसलेल्या पंख्याचा संगणक ‘पर्यंत’च्या आकड्यापर्यंत क्वचितच पोचतो. त्यातही पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांना उष्णतेचा एकच शिधा वाटून घ्यावा लागतो. एकाने जास्त खाल्ला की दुसरा उपाशी. तेव्हा आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी तो आकडा आपल्या घरात, आपल्या उन्हाळ्यात मिळणार आहे का, हे विचारले पाहिजे.

वर्गातला प्रयोग

हे सारे विद्यार्थ्यांनी आमच्या शब्दावर मानू नये. शाळेच्या कोणत्याही बऱ्या संगणकावर हा प्रयोग करता येतो. ब्राउझरमध्ये एक व्हिडिओ लावावा आणि टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर किती टक्के गुंतला आहे ते दर १० सेकंदांनी सहा वेळा टिपावे. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा आणि तोच व्हिडिओ, त्याच दर्जात, सुरुवातीपासून लावून पुन्हा सहा नोंदी घ्याव्यात. दोन्ही सरासरी काढाव्यात. फरक पडला तर तेवढे ओझे ग्राफिक्सचा भाग मुकाट्याने वाहत होता. फरक पडला नाही तर त्याहून चांगला प्रश्न हाती येतो: का नाही? हा व्हिडिओ उलगडण्याची सोयच या यंत्रात नसेल का? प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम शिकवायलाही हा उत्तम आहे. लंबकाच्या प्रयोगाइतकाच तो स्वस्त आहे.

दुसरे, फळ्यावरची आकृती थोडी सुधारावी. आदान, प्रक्रिया, प्रदान हे तीन चौकोन राहू द्यावेत. पण मधल्या चौकोनात प्रोसेसरच्या शेजारी ग्राफिक्सचा चौकोन काढावा आणि दोघांनाही मेमरीकडे नेणारी एकच वाट दाखवावी. एवढी एक रेघ वाढली की ‘मेंदू’ या उपमेचा बराचसा गैरसमज आपोआप दूर होतो. उपमा समजावण्यासाठी असते. तिच्यावर खरेदी करायची नसते.

दरपत्रकात काय असावे

शेवटी आमची मागणी फार मोठी नाही. प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, आणि त्याची पिढी. ग्राफिक्सचे पूर्ण नाव, ‘इनबिल्ट’ असले तरी. मेमरी किती आणि किती पट्ट्यांत, आणि पुढे वाढवायला खाच मोकळी आहे का. डिस्क एसएसडी आहे की फिरती. गिगाहर्ट्झ द्यायचाच तर ‘पर्यंत’चा आकडा आणि कायमचा आकडा, दोन्ही. अशा पाच ओळींचे दरपत्रक मागणारी दहा गिऱ्हाइके आर्णीत निघाली तर अकराव्याला ते न मागता मिळेल. दुकानदार आकड्याचा भक्त नसतो; गिऱ्हाईक ज्याची पूजा करते तो देव तो मांडून ठेवतो.

सामान्य घरासाठी आमचे मत विचाराल तर ते असे: अलीकडच्या पिढीचा मध्यम प्रोसेसर, त्यातलेच अंगभूत ग्राफिक्स, दोन पट्ट्यांत मेमरी आणि एसएसडी. गिगाहर्ट्झच्या पुढच्या पायरीसाठी किंवा जुन्या कार्डासाठी जे पैसे जाणार होते ते मेमरीत किंवा चांगल्या यूपीएसमध्ये घालावेत. पण या मतापेक्षा ते ज्या रीतीने काढले ती रीत अधिक महत्त्वाची आहे. चार-पाच वर्षांनी चिपची नावे बदलतील, कदाचित वरचा सल्लाही जुना होईल. कोणताही एक आकडा पुढे करून कोणी काही विकू लागला, की हा आकडा काय मोजतो, काय मोजत नाही आणि माझे काम नेमके कोठे अडते, हे तीन प्रश्न मात्र जुने होणार नाहीत. ते विचारण्याची सवय लागली तर ती खताची पिशवी घेताना, बियाण्याचे पाकीट घेताना आणि खाजगी शिकवणीच्या जाहिरातीतले टक्के वाचतानाही उपयोगी पडेल.